खडपाचा ताप

१६ नोव्हेंबर २०२३, तारकर्ली

काल भावाला ओवाळलं आणि रात्रीच्या गाडीने निघाले. सकाळी मालवण, दुपारी तारकर्लीच्या तलावात पाठीला सिलिंडर बांधून उभी.

सव्वीस वर्षं अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून काढली. सिलिंडर, गेज, नळ्या, मास्क, यांतलं मला काहीच नवं नाही. पण आजवर हे सगळं दुसऱ्याच्या तोंडाला लावलं, स्वतःच्या कधी नाही. नोकरी सोडताना ठरवलं होतं की एक काम निव्वळ स्वतःसाठी शिकायचं. पोहता येत होतं, समुद्राची ओढ होती, म्हणून हे स्कूबा डाइव्हिंग.

आमच्या तुकडीत सहाजण आहेत. प्रशिक्षकाने आधी सगळ्यांचा गैरसमज काढला. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधीच हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच अंगावर उलटतो, झटके येतात. दुसरी गोष्ट, श्वास कधीही रोखायचा नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात तर ती फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटतं. बाकीचे वहीत लिहून घेत होते. व्हेंटिलेटरच्या दाबाने फुटलेलं फुप्फुस मी पाहिलेलं आहे, छातीत नळी घालताना डॉक्टरांच्या हाताशी उभी राहिले आहे. हा नियम मला लिहून घ्यायची गरज पडली नाही.

जड गेलं ते मास्कचं. पाण्याखाली मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, मग वरची कड दाबून धरून नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. सांगायला इतकं सोपं. पहिल्यांदा नाकात पाणी शिरलं तेव्हा सगळं अंग वर पळायला निघालं. प्रशिक्षकाने खांदा धरला, डोळ्यांसमोर हात आणून सावकाश वरखाली केला: श्वास घ्या, सोडा. धाप लागलेल्या पेशंटला मी नेमकं हेच करत आले. चौथ्यांदा जमलं.

१८ नोव्हेंबर, मालवण

समुद्रातली पहिली बुडी. होडी सिंधुदुर्गाच्या मागच्या अंगाला नेऊन लावली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. बोटीतून दिसते ती तटबंदी. तिच्या पायाशी पाण्याखाली काय आहे, हे शाळेच्या सहलीला आले होते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आत पाणी हिरवट. चार-पाच मीटरपलीकडचं धूसर. पाण्याखाली लाल रंग सर्वांत आधी जातो. माझी लाल स्विमिंग टोपी पाचसहा मीटरवर चॉकलेटी दिसायला लागली होती. मग खडप आलं. इथले मच्छीमार पाण्यातल्या खडकाला खडपच म्हणतात. त्यावर प्रवाळाचे गोलसर गड्डे, मेंदूसारख्या वळ्यांचे, काही हिरवे, काही मातकट. पोपटमासे चोचीने ते खरवडतात, त्याचा कुरकुर आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने येतोय ते कळत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने धावतो, त्यामुळे दोन्ही कानांना एकदमच पोचतो.

माझ्याबरोबर गाबित मच्छीमाराचा एक पोरगा होता, विशीतला. घरची रापण आहे. हिवाळ्यात डाइव्ह गाईड, एरवी वडिलांबरोबर जाळ्यावर. तोल जाऊन माझी फिन खडपाला लागली तशी त्याने ती उचलून धरली. वर आल्यावर म्हणाला, "ताई, पाय वर घेवा. तो दगड नाय, जित्तो आसा."

जित्तोच आहे. एकेक गड्डा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या हजारो जिवांची वस्ती. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि त्यातलं बहुतेक यजमानाला देतं. रंगही त्याचाच. गोल गड्डे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मी पाय ठेवला तो गड्डा दोन हातांच्या ओंजळीत मावला नसता, म्हणजे तो माझ्या नोकरीइतका जुना असेल.

आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या बोटीतल्या लोकांना खडपावर उभं करून फोटो काढत होते. हातात बिस्किटांचा चुरा, भोवती माशांचा थवा. पोहता न येणाऱ्या माणसालाही दहा मिनिटं समुद्राखालचं दाखवावं हे चांगलंच आहे, त्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पण हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माणसाला खडपापासून हातभर वर धरून ठेवणं गाईडला जमतं, माझ्याबरोबरच्या पोराने ते करून दाखवलं. फक्त एका गाईडमागे एकच माणूस हवा, आणि बोटीला घाई नको.

नोंद: सर्वांत खोल ७ मीटर. ३१ मिनिटं. पाणी २८ अंश. हवा २०० वरून ६० बार. फार हवा खाल्ली.

२० डिसेंबर, गोवा

ग्रँड आयलंड. उथळात पडलेल्या एका जुन्या मालवाहू जहाजाचा सांगाडा, डाइव्हर लोक त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात. जुवारीच्या मुखाचा गाळ इतका की हात लांब केला तर बोटं दिसेनात. लोखंडाच्या फासळ्या अचानक अंधारातून पुढे येतात. मला आवडलं नाही. पण एका पत्र्याच्या घडीत आपली तांबोशी ऐटीत बसलेली दिसली.

२४ डिसेंबर, मुरुडेश्वर

पहाटे किनाऱ्यावर आले तेव्हा शंकराची ती प्रचंड मूर्ती काळोखात नुसती आकृती होती. बोट निघाली आणि मागे उजाडत गेलं. नेत्राणी इथून दहा सागरी मैल. वरून पाहिलं तर बेट हृदयाच्या आकाराचं. माणूस राहत नाही, कडे सरळ पाण्यात उतरलेले, वर रानटी शेळ्या. नौदलाने या बेटावर तोफांचा नेम धरण्याचा सराव केलेला आहे, म्हणून उतरायला मनाई. माणसाचा पाय फारसा पडत नाही, त्याचा बेटाला फायदाच झाला असावा.

पाणी निळं! मालवणात चार मीटर दिसायचं, इथे पंधरा. बोटीच्या कडेवरून खाली पाहिलं तर नांगराची दोरी तळापर्यंत दिसत होती.

आज तरंगणं जमलं. ही या पूर्ण विद्येची किल्ली आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. कमरेला शिशाची वजनं असतात, अंगात फुगवता येणारं जाकीट असतं. दोन्हींचा मेळ घातला की माणूस ना बुडतो ना वर जातो. पण बारीक हिशेब असतो तो छातीचा. श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात आणि अंग वीतभर वर चढतं. सोडला की तितकंच खाली येतं. हात हलवायचे नाहीत, पाय मारायचे नाहीत. समोर खडप आलं की थोडा दीर्घ श्वास घ्यायचा, त्याच्यावरून अलगद जायचं, पलीकडे सोडून द्यायचा. यात एक खाच आहे. परिणाम दोनतीन सेकंदांनी होतो, म्हणून खडप येण्याच्या आधी श्वास घ्यावा लागतो. ही घटका साधली तेव्हा खाली एक काळापांढरा पट्ट्यांचा मासा आपल्या दगडाशी घुटमळत होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्यांचे श्वास मोजण्यात माझी उमर गेली. मिनिटाला बारा ते वीस, त्याच्या वर गेले की डॉक्टरांना फोन. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या लाटेत, रात्रपाळीला गेजचा काटा उतरताना बघत बसले आहे आणि दुसरा सिलिंडर कधी येतो हे विचारायला खाली धावले आहे. आज पाण्याखाली माझा श्वास रेग्युलेटरमधून वाजत होता, घरघर आत, बुडबुडे बाहेर, थेट व्हेंटिलेटरसारखा. मला वाटलं होतं या आवाजाने जुनं सगळं उसळून येईल. आलं. पण काटा माझ्या हातात होता, आणि शंभर बार शिल्लक होते.

नोंद: १३ मीटर, ४० मिनिटं. १९५ वरून ५५.

१० फेब्रुवारी २०२४, स्वराज द्वीप

हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये बदललं, पण जेट्टीवर अजून दोन्ही नावं ऐकू येतात. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दोन तास. वाड्यांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर. पूर्व बंगालमधून उठून आलेल्या निर्वासितांना पन्नासच्या दशकात इथे जमिनी मिळाल्या. सकाळी मच्छीचा रस्सा भात, दुपारी मच्छीचा रस्सा भात. नारळ नसतो, मोहरी असते.

तीस मीटरपर्यंत जायचा पुढचा कोर्स घेतला आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, अठरा मीटर पुरे की!" त्याला सांगितलं, तुझ्या पहिल्या सायकलच्या वेळी मी असंच म्हटलं होतं.

१२ फेब्रुवारी, स्वराज द्वीप

जॉनीज गॉर्ज. बेटापासून चांगली तासाभराची वाट. खुल्या समुद्रात, वरून काही खूण नाही. इथल्या जागांना जॉनी, जॅक्सन, डिक्सन अशी नावं आहेत, ती इथल्या करेन डाइव्हरांची. करेन मूळचे ब्रह्मदेशातले. इंग्रजांनी १९२५ पासून त्यांना मध्य अंदमानात आणून वसवलं, जंगलतोडीच्या कामाला. त्यांच्यातल्या दर्यावर्दी पोरांनी पुढे या जागा धुंडाळल्या. नकाशावर नावं सहसा साहेबांची असतात. इथे बोट चालवणाऱ्यांची आहेत, याचा मला फार आनंद झाला.

परवा अमावस्या झाली, त्यामुळे ओढ जबर. दोरी धरून उतरलो. दहा मीटर, वीस, दर मीटरला नाक दाबून कान उघडायचे. सव्वीस मीटरवर दगडांमधली घळ. तिथे ओढ थांबली आणि डोळ्यांना पुरेना एवढे मासे. पिवळ्या पट्ट्यांच्या स्नॅपरची भिंतच, ती दुभंगली आणि मधून एक व्हाईटटिप मोरी, म्हणजे शार्क, आली. हातभर रुंद दगडाखाली तिची दुसरी बहीण निजलेली, पंखाच्या टोकाला चुन्याचं बोट लावल्यासारखा ठिपका. मोरी म्हणजे मला बाजारातल्या टोपलीतली ठाऊक. डोळ्यात डोळा घालून पाहिली ती आज.

खोलावर नायट्रोजन डोक्यात चढतो, थोडी दारू प्यायल्यासारखं होतं. म्हणून प्रशिक्षकाने पाटीवर वजाबाकी घातली, ९१ मधून ३४. उत्तर बरोबर आलं, पण दुप्पट वेळ लागला. त्याने अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे शाब्बास नाही, ‘वर चला’. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर. रक्तात मुरलेला वायू हळूहळू निघून जायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

१४ फेब्रुवारी, पोर्ट ब्लेअर

शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमान चालत नाही, म्हणून एक पूर्ण दिवस मोकळा. सेल्युलर जेल पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीच्या गजातून समुद्राची पट्टीसुद्धा दिसत नाही, भिंतच दिसते. बाहेर येऊन बराच वेळ धक्क्यावर बसले.

संध्याकाळी एका म्हाताऱ्या बोटमालकाने त्सुनामीचं सांगितलं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि कितीतरी खडपं कायमची पाण्याबाहेर आली. प्रवाळ उन्हात उभं मेलं. दक्षिणेला निकोबारात उलट झालं, जमीन खाली गेली, इंदिरा पॉइंटचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. तो म्हणाला, खडप मेल्याचा वास महिना महिना होता. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं.

२२ एप्रिल, कदमत

लक्षद्वीपचा परवाना मिळायला वेळ लागला, पण मिळाला. कोचीहून विमान अगत्तीच्या चिंचोळ्या धावपट्टीवर उतरतं, दोन्ही बाजूंना पाणी. तिथून बोट. कदमत म्हणजे आठ-नऊ किलोमीटर लांबीची माडांची एक रेघ, पश्चिमेला फिक्या निळ्या पाण्याचं सरोवर आणि त्याच्या कडेला लाटा फुटण्याची पांढरी ओळ. ही ओळ म्हणजेच प्रवाळ. इथे खडकाचा डोंगर नाही, नदी नाही. माणसं राहतात ती जमीनसुद्धा मेलेल्या प्रवाळाच्या चुऱ्याची. प्रवाळ जगलं तरच बेट जगणार.

डाइव्ह सेंटरवरचा मुलगा जेसरी बोलतो, माझ्याशी हिंदी. मी नर्स होते हे कळल्यावर ‘सिस्टर’ म्हणायला लागला. पाण्याखालचं विचारलं तर गप्प झाला. मग म्हणाला, "सिस्टर, आप देख लेना."

२४ एप्रिल, कदमत

पाहिलं.

बारा मीटरवर उतार सुरू होतो. पाणी काचेसारखं, वीस-पंचवीस मीटर दिसत होतं. आणि त्या काचेत फांद्यांचं प्रवाळ पांढरं. क्षणभर सुंदर वाटलं, चांदणं सांडल्यासारखं, आणि त्या वाटण्याची लाज वाटली. जवळ गेले. फांदीवरच्या एकेका बुंदक्यात तो जीव होता, इवल्या सोंडा आत ओढलेला, आरपार. आतला पांढरा सांगाडा दिसत होता. म्हणजे मेलेलं नाही. पाणी तापलं की आतलं शेवाळ बिघडतं, विषारी होतं, आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतं. त्याबरोबर रंग जातो आणि जेवणही. उपाशी, पण जिवंत. पाणी काही आठवड्यांत निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतं आणि त्यावर दुसऱ्याच मातकट शेवाळाचा थर चढतो. काही फांद्यांवर तो चढलेला होता.

मनगटावरचा आकडा ३२ अंश. पाच महिन्यांपूर्वी मालवणात २८ होते.

रात्री त्या मुलाने समजावून सांगितलं आणि मला ते एका झटक्यात कळलं, कारण हा आमचाच हिशेब आहे. ताप किती चढला यावर रोगी ठरत नाही, किती दिवस राहिला यावर ठरतो. एकशे दोन एक रात्र आणि एकशे दोन आठ दिवस, या दोन निराळ्या केसपेपरच्या गोष्टी. समुद्राचंही तसंच मोजतात. त्या जागी उन्हाळ्यात नेहमी जेवढं तापतं त्याच्यावर एक अंश, एक आठवडा, की एक गुण. बारा आठवड्यांची बेरीज धरतात. चार झाले की प्रवाळ पांढरं पडायला लागतं, आठच्या वर गेले की मरायला. इथल्या समुद्राला ऑक्टोबरपासून कणकण आहे. आणि गेल्याच आठवड्यात जगभरच्या प्रवाळांवर ही चौथी मोठी साथ आल्याचं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

लक्षद्वीपात १९९८ ला असं झालं, २०१० ला झालं, २०१६ ला झालं. दोन आजारांमध्ये अंगात ताकद यायला वेळ लागतो. वॉर्डात आम्ही म्हणायचो, परत परत ॲडमिट होणाऱ्याच्या चार्टवर आकड्यांआधी तारखा बघा. या तारखांमधलं अंतर बघून पोटात गोळा येतो.

मुलाने विचारलं, "तुम्ही ताप आल्यावर काय करता?"

मी म्हटलं, आधी कारण शोधतो. तोवर इतर त्रास देत नाही. पाणी, झोप, शांतता. जखम होऊ देत नाही, जंतू जाऊ देत नाही.

तो म्हणाला, आम्हीही तेच करू शकतो. पांढऱ्या भागात बोटीचा नांगर टाकत नाही. शिकाऊ लोकांना तिकडे नेत नाही.

नोंद: १४ मीटर, ४९ मिनिटं. ३२ अंश. हवा २०० वरून ७०. हवा आता पुरते.

२५ मे, मालवण

हंगामाचा शेवट. उद्यापासून बोटी बंद, ते ऑगस्टअखेरपर्यंत. गाबिताच्या पोराला आधीच कळवलं होतं, म्हणून त्याने दुपारी सुकतीची वेळ साधून एक फेरी काढली, पर्यटक कुणी नाही, आम्ही दोघंच.

तीच जागा, तोच गड्डा. नोव्हेंबरातला मातकट गड्डा वरच्या बाजूने फिकट पिवळा पडलाय. आणि गेल्या वेळी मला कळलं नव्हतं ते आज कळलं. इथलं प्रवाळ नेत्राणीसारखं देखणं नाही म्हणून मी मनातून त्याला कमी लेखलं होतं. पण हे दर पावसाळ्यात चार महिने गढूळ, गोड पाणी अंगावर घेतं, गाळ झटकतं, उन्हाळ्यात तापतं आणि टिकतं. चिवट आहे. वॉर्डात असे म्हातारे शेतकरी यायचे.

गड्ड्याच्या खालच्या अंगाला तुटक्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंता अडकला होता. सुटलेलं जाळं समुद्रात वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. आम्ही छोट्या सुरीने एकेक आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, कापायला घेतली. ओढायचं नाही, ओढलं की प्रवाळ सोलतं. टाके काढताना दोऱ्याची गाठ उचलून खालून कापतात, तसंच. श्वास अर्धा घेऊन मी गड्ड्याच्या वर हातभर थांबले होते, दोन्ही हात मोकळे, पाय वर. गुंत्यात एक खेकडा होता, नांगी अडकलेला. पोराने तो सोडवला. खेकडा बाजूला पळाला, थांबला, मग खडपाच्या फटीत गेला. पंचवीस मिनिटं लागली. एक पिशवी भरली.

होडीत मी विचारलं, "हे पिवळं पडलंय ते?"

"मे म्हयन्यात असो जाता कधी कधी. पाऊस पडलो की रंग परत येता काय बगूया."

किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या होत्या. त्याचे वडील आपली होडी माडाच्या झापांनी शाकारत होते. मी रेग्युलेटर आणि जाकीट बादलीतल्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं. वडिलांनी हातातलं झाप खाली ठेवून पिशवीतलं जाळं बाहेर काढलं, दोन बोटांत आस ताणून पाहिली. "आमचा नाय," म्हणाले, आणि थोडा वेळ ते तसंच धरून उभे राहिले.

नोंद: ६ मीटर, ५२ मिनिटं. पाणी ३१ अंश. वरची बाजू फिकट, मातकट थर नाही. पुढची तपासणी नारळी पौर्णिमेनंतर.